जानेवारीत सासूबाईंना घेऊन दोन रात्री शेतावर : कुठे जावे आणि कसे आखावे

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की त्या, त्यांचे यजमान, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई अशा चौघांना जानेवारीत शुक्रवार ते रविवार कुठेतरी गावाकडे निवांत राहायचे आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. यजमान सातपूरच्या कारखान्यात पाळीत काम करतात आणि जोडून सुट्टी त्यांना क्वचितच मिळते. गेल्या वर्षी याच दिवसांत ते सगळे बाहेर पडले होते. त्र्यंबकेश्वर, अंजनेरीचा पायथा, भंडारदरा आणि परतताना सिन्नरचे गोंदेश्वर, इतके सगळे दोन दिवसांत पाहून झाले. सोमवारी मात्र घरातले प्रत्येक माणूस निघण्याआधीपेक्षा जास्त दमलेले होते, आणि सासूबाईंनी तर पुन्हा येणारच नाही असे सांगून टाकले. या वेळी खरोखर विश्रांती मिळावी, तर काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला बांधलेल्या तीन खोल्यांमध्ये मी गेली सतरा वर्षे पाहुणे ठेवते. थकून आलेली आणि ताजीतवानी होऊन गेलेली माणसे मी पाहिली आहेत, तशीच थकून आलेली आणि आणखी थकून गेलेली माणसेही पाहिली आहेत. या दोघांत फरक पडतो तो बहुतेक वेळा ठिकाणामुळे नाही, तर दोन दिवसांत गाडीत किती वेळा बसावे लागले आणि किती वेळा 'आता पुढे काय' हे ठरवावे लागले, यामुळे. म्हणून गेल्या वर्षीची तुमची सहल मी ठिकाणांच्या दृष्टीने चुकीची म्हणणार नाही. त्र्यंबक नाशिकपासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे, भंडारदरा सत्तरच्या आसपास आहे आणि गोंदेश्वराचे मंदिर तर निवांत बसून पाहावे असे पंचायतन आहे. पण ही तिन्ही ठिकाणे तीन वेगळ्या दिशांना आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत चढणे आणि उतरणे हेच सर्वांत जड जाते, आणि तुम्ही सासूबाईंना ते दोन दिवसांत दहा-बारा वेळा करायला लावले असेल. या वेळी एकच घर ठरवा, तिथे दोन्ही रात्री राहा, आणि घरापासून तिथपर्यंत तासाभरात पोहोचता येईल एवढेच अंतर ठेवा.

आता दिशा. नाशिककरांना एक सोय लाभलेली आहे जी फार थोड्या शहरांना असते. आपल्या एका बाजूला घाटमाथा आहे आणि दुसऱ्या बाजूला अवर्षणाचा पट्टा, आणि दोन्ही तासा-दोन तासांच्या अंतरावर. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर येवल्याला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही कधी कधी पडत नाही. त्यामुळे कोणत्या महिन्यात कुठल्या बाजूला जायचे हे ठरले की निम्मे काम झाले. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी, घोटी, वैतरणा, भावली हा भाग भातखाचरांनी इतका हिरवा होतो की दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही. पण तोच भाग एप्रिल-मेमध्ये पाहिला तर गवत वाळून करडे झालेले असते आणि वाड्या-पाड्यांवर पाण्याचे टँकर चालू असतात. त्या दिवसांत तिथे जाऊन आंघोळीला दोन बादल्या पाणी मागणे मला स्वतःला बरे वाटत नाही. याउलट निफाड, दिंडोरी, सिन्नर ही बाजू हिवाळ्यात उत्तम असते. गहू, हरभरा, कांदा उभा असतो, द्राक्षे भरलेली असतात, आणि हवा कोरडी व स्वच्छ असते.

तुम्ही जानेवारीत जाणार आहात, तेव्हा पश्चिमेच्या घाटमाथ्याचा विचार सोडून द्या. यामागे एक आणखी कारण आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, आणि त्याआधीचे काही दिवस राज्यभरातून दिंड्या नाशिकमार्गे त्र्यंबककडे चालत जात असतात. ती वाट भक्तीने चालायची आहे. विश्रांतीसाठी निघालेल्या कुटुंबाने त्या दिवसांत गाडी घेऊन तिथे घुसू नये, त्यात वारकऱ्यांचीही अडचण होते आणि आपलीही. पौष महिन्याचा दुसरा एक फायदा मात्र तुम्हाला मिळेल. पौषात आपल्याकडे लग्ने सहसा करीत नाहीत. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण नाशिकच्या भोवती गंगापूर रस्ता, दिंडोरी रस्ता, पेठ रस्ता, जिकडे पाहावे तिकडे लॉन्स आणि मंगल कार्यालये झाली आहेत, आणि शेतातल्या शांत घरापासून अर्ध्या किलोमीटरवर वरातीचा डीजे वाजत असेल तर त्या शांततेचा काही उपयोग राहत नाही. म्हणून दिनदर्शिका उघडून आधी लग्नाच्या तिथी पाहा आणि मगच शुक्रवार ठरवा. मी स्वतः पाहुण्यांना तारीख देताना हेच करते. जोडून आलेल्या सार्वजनिक सुट्ट्याही टाळा. प्रजासत्ताक दिन शनिवार-रविवारला जोडून आला की मुंबई-ठाण्याची मंडळी मोठ्या संख्येने इकडे येतात. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून त्यांना इगतपुरी आणखी जवळ झाली आहे.

घाटमाथा सोडला की दोन पर्याय राहतात, आणि त्यांतला कुठला निवडावा यावर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमचा निर्णय इथेच व्हायचा आहे.

पहिला पर्याय निफाड तालुक्यातला, नांदूर मध्यमेश्वरजवळचा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधाऱ्यामुळे जो उथळ जलाशय तयार झाला, त्याला 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र म्हणून मान्यता जाहीर झाली. डिसेंबर-जानेवारीत तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या अशी पाखरे असतात आणि पहाटेच्या धुक्यात त्यांचे आवाज आधी ऐकू येतात, पाखरे मागाहून दिसतात. आठ वर्षांच्या मुलासाठी याहून चांगली सकाळ मी सांगू शकणार नाही. चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत आणि पाखरांची ओळख करून देणारे स्थानिक मार्गदर्शक मिळतात. त्यांच्याशिवाय जाऊ नका, कारण दुर्बीण कुठे रोखायची हेच नवख्या माणसाला कळत नाही. पण निफाडची थंडी लक्षात घ्या. राज्यात नीचांकी तापमान नोंदवले गेल्याची बातमी येते तेव्हा त्यात निफाडचे नाव वारंवार असते, आणि थंडीची लाट आली की पारा पाच अंशांच्या खाली जातो. तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात, म्हणजे मण्यांना तडे जाऊ नयेत. सांधे दुखणाऱ्या माणसाला ही थंडी सोसत नाही.

दुसरा पर्याय दिंडोरी तालुका किंवा गिरणारे आणि गंगापूर धरणाच्या मागची बाजू. थंडी इथेही असते, पण निफाडच्या मानाने कमी. शिवाय हे अंतर तुमच्या घरापासून पाऊण ते एक तासाचे आहे. माझे मत असे की सासूबाईंचा विचार करता तुम्ही याच बाजूला राहावे आणि नांदूर मध्यमेश्वर एखाद्या रविवारी बापलेकांनी दोघांनीच पहाटे उठून करावे. मी दिंडोरीची आहे म्हणून हे सुचवत नाही. तुम्ही फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये विचारले असते, तर कदाचित उलटे सांगितले असते.

द्राक्षबागेत राहायला जाणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती इथे सांगते. बाग वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावतात, जिच्यातले रसायन अंगाला लागू देऊ नये असे असते, आणि पुढचे दोन-अडीच महिने, विशेषतः ढगाळ हवामान असेल तर, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारण्या जवळजवळ रोज चालतात. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर पहाटे किंवा रात्री उशिरा चालवला जातो, त्याचा आवाज दोन शेते ओलांडून येतो आणि औषधाचा वास खोलीत शिरतो. ज्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'वाईनयार्ड स्टे' म्हणून कुठे राहायला जायचे आहे, त्यांनी हे आधी विचारून घ्यावे. मी त्या काळात बागेकडच्या दोन खोल्या बंदच ठेवते. जानेवारीत मात्र माल काढणीला येत असतो. काढणीच्या आधी ठरावीक दिवस फवारणी थांबवावी लागते, विशेषतः निर्यातीच्या बागेत, कारण माल तपासणीला जातो. तेव्हा तुम्ही ठरवलेल्या दिवसांत बागेत काढणी चालू आहे की बाग नुकतीच फवारली आहे, हे मालकाला सरळ विचारा. चांगला शेतकरी खरे उत्तर देतो. आणि मुलाला आधीच समजावून ठेवा की वेलीवरचा घड विचारल्याशिवाय तोडायचा नाही आणि न धुता खायचा नाही.

काढणी चालू असेल, तर मात्र ती जवळून पाहा. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी येते. सकाळी दव उडाले की कात्र्या आणि जाळ्या घेऊन माणसे ओळींमध्ये शिरतात. घड देठाला धरून कापायचा, मण्यांना बोट लावायचे नाही, कारण मण्यांवर पांढरट सायीसारखा पातळ थर असतो आणि बोट लागले की तो पुसला जाऊन त्या जागी काळपट डाग दिसतो. व्यापारी तो डाग लगेच पाहतो. गेल्या जानेवारीत तुमच्या मुलाएवढीच एक मुलगी आमच्याकडे आली होती. मुकादमीण बाईंनी तिच्या हाती कात्री दिली नाही, पण कापलेले घड जाळीत देठ वर करून ठेवायचे काम दिले. ती दोन तास एका जागेवरून हलली नाही. तिच्या वडिलांनी तिला मोबाइल आणून दिला, तर तिने हात पुसून तो ओट्यावर ठेवून दिला. मुलांना गावाकडे नेले म्हणजे त्यांना सतत काहीतरी दाखवत राहायचे, असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात मुलांना बघायला कमी आणि करायला जास्त द्यावे. वासराला पाणी दाखवणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, वाफ्याला बारे, म्हणजे पाणी, देताना फावडे धरणे, यातले एकच काम दोन दिवस त्याचे म्हणून ठरवून द्या.

सासूबाईंसाठी काय करावे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण बहुतेक कुटुंबे वडीलधाऱ्यांना सोबत नेतात आणि मग त्यांना एका खुर्चीवर बसवून बाकीचे फिरायला जातात. घर ठरवताना फोनवर नेमके विचारा. खोली तळमजल्यावर आहे का, अंगणातून खोलीत यायला किती पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा आहे का, कमोड आहे का, न्हाणीघराची फरशी गुळगुळीत आहे का, पलंग किती उंच आहे. 'सगळी सोय आहे' या उत्तरावर थांबू नका. खोलीचे आणि न्हाणीघराचे छायाचित्र मागवा. जानेवारीत गरम पाणी सौर यंत्रावर असेल, तर पहाटे ते कोमट झालेले असते. बंब किंवा गिझर आहे का ते विचारा. शेतीच्या वाहिनीवर दिवसा काही ठरावीक तासच वीज असते, म्हणून घराला वेगळी जोडणी किंवा इन्व्हर्टर आहे का, हेही विचारायचे. पांघरुणाला गोधड्या भरपूर मिळतात, पण सासूबाईंची नेहमीची उशी आणि गरम पाण्याची पिशवी घरून न्या.

आणि त्यांना बसवून ठेवू नका, त्यांना सोबत द्या. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे जेलरोडहून एक आजी आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या फार अबोल होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकीण ताई ओसरीवर मेथी निवडत होत्या, तिथे त्या आपणहून जाऊन बसल्या, आणि निवडता निवडता दोघींचे माहेर एकाच खोऱ्यातले निघाले. दुपारी जेवणापर्यंत मेथी संपली, नंतर शेंगा फोडून झाल्या, मग ताईंनी चुलीवर बाजरीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या तेव्हा आजींनी शेवटची भाकरी स्वतः थापली. संध्याकाळी त्या लवकर झोपल्या आणि सकाळी सात वाजेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांच्या सुनेने मला सांगितले की घरी त्या पहाटे चारलाच जाग्या होतात. सासूबाई कुठल्या गावच्या, त्यांना काय आवडते, शेतात काम केलेले आहे का, हे घरमालकिणीला आधी कळवून ठेवा. तिला त्याचे काय करायचे ते बरोबर कळते.

घर निवडताना आणखी दोन-तीन गोष्टींची खात्री करा. राज्य शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले आणि त्यानुसार शेतकऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणी आहे म्हणजे भाकरी चांगली मिळेल असे नाही, पण तिथे खरोखर शेती चालते आणि मालक हे काम गांभीर्याने करतो, एवढे कळते. नुसते शेतघर भाड्याने देणारे आणि कृषी पर्यटन करणारे यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात जलतरण तलाव, स्पीकर आणि रात्रीच्या पार्ट्या असू शकतात. त्यामुळे त्या दोन दिवसांत आणखी किती कुटुंबे किंवा गट येणार आहेत आणि गाणी वाजवण्याचा नियम काय आहे, हे विचारताना संकोच करू नका. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एकाच शनिवारी एक वयस्कर जोडपे आणि बारा तरुणांचा गट, अशा दोघांनाही हो म्हटले होते. त्या जोडप्याची रात्र वाईट गेली आणि ती चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून एका वेळी एकाच प्रकारचे पाहुणे ठेवायचे, असे मी ठरवले आहे. पैशांचे बोलताना दरात कोणकोणती जेवणे धरली आहेत, चहा-नाश्ता किती वेळा, मुलाचा दर काय, आणि यजमानांची पाळी ऐनवेळी बदलली तर अनामत परत मिळेल की तारीख बदलून मिळेल, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पाळीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न नेहमी येतो आणि बहुतेक मालक तारीख बदलून देतात.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात लिहिते, भीती घालण्यासाठी नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरी आणि दारणेच्या काठचा उसाचा पट्टा, इथे बिबट्याचा वावर आहे, हे आम्ही गावकरी धरूनच चालतो. अंधार पडल्यावर मुलाला एकट्याला अंगणाबाहेर जाऊ देऊ नका आणि उसाच्या कडेने संध्याकाळी फेरफटका मारू नका. विहिरीला कठडा किंवा जाळी आहे का, ते पोहोचल्यावर पहिल्यांदा स्वतः पाहा. शेततळे असेल, तर त्याहून अधिक सांभाळा. त्याच्या प्लास्टिकच्या उतारावरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. रात्री बाहेर पडताना विजेरी आणि बूट असावेत. सासूबाईंची औषधे तीन दिवसांऐवजी पाच दिवसांची न्या, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते विचारून ठेवा, आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक सर्वांना माहीत असू द्या.

आता प्रत्यक्ष दोन दिवस कसे घालवायचे, ते सांगते. शुक्रवारी यजमानांची पहिली पाळी असेल, तर दुपारी घरी येऊन तासभर झोपू द्या आणि चार-साडेचारला निघा. इंदिरानगरहून दिंडोरीकडे जाताना द्वारका चौक सहा वाजता गाठला, तर तिथेच अर्धा तास जातो, म्हणून त्याआधी तो ओलांडलेला बरा. अंधार पडण्यापूर्वी पोहोचणे महत्त्वाचे आहे, कारण मुलाला विहीर, गोठा, कुत्रा आणि न्हाणीघर कुठे आहे हे उजेडात दिसले की रात्री तो घाबरत नाही, आणि सासूबाईंनाही पायऱ्यांचा अंदाज येतो. रात्री उशिरा पोहोचणाऱ्या पाहुण्यांची पहिली सकाळ नेहमीच सुस्त आणि चिडचिडीची जाते, हे मी शंभर वेळा पाहिले आहे. रात्रीचे जेवण साधेच सांगा. खिचडी, कढी, पापड एवढे पुरते.

शनिवारी काहीही ठरवू नका. हे माझ्या सगळ्या उत्तरातले सर्वांत अवघड काम आहे, कारण पैसे भरून आलेल्या माणसाला रिकामे बसवत नाही. सकाळी उन्हात अंगणात चहा, दव उडाल्यावर बागेत किंवा कांद्याच्या शेतात चक्कर, मग नाश्ता, मग ज्याला जे वाटेल ते. दुपारी जेवणानंतर दोन तास सगळ्यांनी झोपावे. यजमानांना तर कितीही वेळ झोपू द्या. रात्रपाळी करणाऱ्या माणसाची साठलेली झोप पहिल्याच दिवशी बाहेर पडते, आणि 'इथे येऊन झोपायचेच होते, तर घरीच राहायचे' असे त्यांना म्हणू नका. घरी झोपले तर दाराची घंटा वाजते, पाणी भरायचे असते, कोणाचा तरी फोन येतो. संध्याकाळी मालकाला शेकोटी पेटवायला सांगा. सिन्नर-येवल्याकडून गुलभेंडी ज्वारीचा हुरडा मागवता येत असेल, तर आधी दोन दिवस कळवा. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेले कणीस तळहातावर चोळून, फुंकून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायला मिळाले की रात्रीच्या जेवणाची फारशी गरज उरत नाही. हुरड्यावर भरपूर पाणी पिऊ नये, ताक घ्यावे, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात आणि मी पाहुण्यांना तसेच वाढते.

सासूबाईंना देवदर्शनाची ओढ असेल, तर त्यासाठी एकच जागा सुचवते. दिंडोरीहून वणीचा सप्तशृंगगड जवळ आहे आणि 2018 पासून तिथे फ्युनिक्युलर ट्रॉलीची, म्हणजे रुळांवरून गड चढणाऱ्या डब्याची, सोय असल्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी जे सोसले, त्यानंतर त्यांना हे समाधान मिळावे असे मला वाटते. रविवारी सकाळी लवकर निघून दहापर्यंत दर्शन घेऊन परत मुक्कामी या, जेवा, आणि मगच घराकडे वळा. मात्र आदल्या रात्री त्यांना विचारा. गुडघा दुखत असेल किंवा त्यांनाच अंगणातले ऊन सोडवत नसेल, तर गडाचा बेत रद्द करा आणि त्याबद्दल कोणी हळहळू नका.

रविवारी दुपारी साडेतीनपर्यंत निघालात, तर पाचच्या आत घरी पोहोचाल. संध्याकाळ घरी मोकळी ठेवा, बाहेर जेवायला जाऊ नका. निघताना शेतावरची मेथी, कांद्याची पात, थोडी द्राक्षे विकत घ्या आणि बाजारभावाने पैसे द्या. पाहुणे म्हणून फुकट मागू नका, मालक बहुतेक वेळा स्वतःच वरून मूठभर घालतो. द्राक्षे कागदात गुंडाळून, घड एकावर एक न ठेवता न्या, म्हणजे सोमवारी मुलाच्या डब्यात देता येतील.

आज बोलणी करून ठेवलीत, तरी निघण्याच्या आधीच्या बुधवारी मालकाला पुन्हा एक फोन करा. फवारणी झाली आहे का, काढणीची टोळी कधी येणार, किती पाहुणे आहेत आणि थंडी किती पडली आहे, एवढे चार प्रश्न विचारा. पारा फारच उतरलेला असेल, तर सासूबाईंसाठी एक आठवडा पुढे ढकला. जानेवारीच्या शेवटी थंडीचा कडाका बहुधा कमी होऊ लागतो आणि द्राक्षांना गोडीही तेव्हा जास्त आलेली असते.